दुपारची कादंबरी आणि बिनआचेचं जेवण: वेळ कसा जुळवायचा?

पानखूण (धागाकर्ता)

निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो म्हणतात. असतो, पण चिंध्यांचा. त्यातला सगळ्यात सलग तुकडा, सकाळी दहा ते दुपारी दोन, स्वयंपाकघर गिळतं आणि उन्हाळ्यात वर घामही काढतं. वर्तमानपत्राला चिंध्या चालतात, कादंबरीला चालत नाहीत. दर दहा मिनिटांनी उठावं लागलं की तेच पान तीनदा वाचलं जातं आणि चौथ्यांदा पुस्तक मिटतं.

म्हणून हा धागा. गृहीत असं धरू: दोन माणसं, साठीच्या पुढची. सकाळी नऊनंतर शेगडी पेटवायची नाही. जेवण हलकं, पण चार वाजता डबे हुडकायला लावणारं नको. दुपारी किमान दोन तास सलग वाचन. स्वयंपाकवाल्यांनी मापं द्यावीत ("चवीनुसार" लिहिणाऱ्यांनी किती चमच्यांपासून सुरुवात करायची तेवढं तरी सांगावं). वाचनवाल्यांनी "आवडेल ते वाचा"च्या पुढचं काही लिहावं.

मंदआच

आधी वाट बघण्याचे दोन प्रकार वेगळे करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. एका प्रकारात आच चालू असते आणि आपण राखणीला उभे असतो: दूध, भात, परतणं. दुसऱ्यात पदार्थ आपला आपण काम करतो: भिजणं, निथळणं, मुरणं, गार होणं. पहिल्या प्रकारात हातात कादंबरी घ्यायची नाही, "दोनच पानं" म्हणूनही नाही. दुसऱ्यात खुशाल घ्यावी. दुपारचं जेवण होईल तेवढं दुसऱ्या प्रकारात ढकलायचं.

काबुली चणे घ्या, कारण एका शिजवणीत दोघांच्या तीन दुपारी निघतात. कोरडे चणे २०० ग्रॅम, पाणी १ लिटर, त्यात १ लहान चमचा मीठ (लहान चमचा म्हणजे ५ मिली, मोठा म्हणजे १५, पुढेही तेच). रात्री भिजत घालायचे, ८ ते १० तास. मिठाने साल कडक होतं हा समज उलटा आहे. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्येच ठेवा. ओट्यावर राहिलं तर सकाळी वर फेस आणि आंबूस वास, म्हणजे चणे आंबायला लागले.

सकाळी ते पाणी ओतून टाकून ताजं पाणी, चण्यांच्या वर दोन बोटं. कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. कडधान्याचा फेस चढून वाफेची नळी तुंबते. पूर्ण दाब आला की आच मंद करून १५ मिनिटं, मग बंद, दाब आपसूक उतरू द्या. शिटी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि सालं फाटून चणे पिठूळ होतात. इतकं करूनही दाताखाली कच्चे लागले तर दोषी दोनच: चणे जुने आहेत किंवा पाणी जड (क्षारांचं) आहे. पुढच्या वेळी शिजवायच्या पाण्यात पाव लहान चमचा खायचा सोडा. त्याहून जास्त घातलात तर साबण खाल्ल्यासारखं लागेल. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर यांतलं काहीही शिजण्याआधी घालू नका. आंबट शिरलं की चणे टणकच राहतात.

आता महत्त्वाचं. निथळलेले चणे पसरट ताटात घाला आणि कोमट असतानाच रस घाला: २ मोठे चमचे लिंबाचा रस, त्यात अर्धा लहान चमचा मीठ आधी विरघळवून घ्यायचं (तेलात मीठ विरघळत नाही, तळाला कचकच राहते), मग ३ मोठे चमचे तेल. कोमट चणे रस पितात, गार चण्यांना तो नुसता माखतो. असे चणे झाकणबंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस. काकडी, कांदा, पानं मात्र वाढायच्या वेळी. कच्ची भाजी आधी मिसळली की दुसऱ्या दिवशी डब्यात तळ्यात पोहणारे चणे मिळतात.

सकाळी सातला कुकर लावला तर पावणेआठला स्वयंपाकघर बंद.

तिसरंप्रकरण

वाचनाकडून दोन गोष्टी.

पहिली, आपला वेग मोजा. घड्याळ लावून १० मिनिटं नेहमीसारखं वाचा, पानं मोजा, सहाने गुणा. तासाला २५ पानं निघाली तर ४०० पानांची कादंबरी १६ तासांची, म्हणजे रोज दोन तासांनी आठ दुपारी. हा हिशेब रुक्ष वाटेल, पण वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची असताना ९०० पानी ठोकळा उचलावा की नाही ते यावर ठरतं. मापन निम्म्या पुस्तकात करा. पहिल्या पन्नास पानांत प्रत्येकाचा वेग कमीच असतो.

दुसरी, "प्रकरण संपलं की उठू" हा करार स्वतःशी करू नका. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी कादंबऱ्या आधी हप्त्याहप्त्याने छापल्या गेल्या. डिकन्सचा मासिक हप्ता बहुधा ३२ पानांचा असे. वाचकाने पुढचा अंक विकत घ्यावा म्हणून शेवट लटकता ठेवायचा ही सवय तिथून मुरली, ती आजतागायत आहे. प्रकरणाचा शेवट हीच सोडायला सगळ्यात कठीण जागा. उठायचं असेल तर प्रसंगाच्या मधोमध उठा, कोण कुठे बसलंय आणि काय चाललंय हे स्पष्ट असताना. परत आल्यावर धागा लगेच सापडतो.

यातूनच मंदआच यांच्या नियमाला पुरवणी: प्रकरण हे घड्याळ म्हणून वापरायचं तर फक्त आच बंद असताना.

लिंबूटिंबू

दह्या-काकडीचं गार सूप, दोघांना. आच शून्य, काम १२ मिनिटं, वाट ५० मिनिटं (म्हणजे वरच्या हिशेबाने वीसेक पानं).

काकडी ३०० ग्रॅम. देठाकडचं टोक दोन सेंटिमीटर कापून चाखा. कडवटपणा देठाशी आणि सालाखाली गोळा होतो. किंचित कडू असेल तर आणखी कापा, साल जाड काढा. झणझणीत कडू असेल तर ती काकडी सरळ टाकून द्या, मीठ चोळून "कडू काढण्याच्या" भानगडीत पडू नका. कडूपणा आणणारी द्रव्यं पोट बिघडवतात आणि मिठाने वा शिजवून जात नाहीत.

जाड किसणीवर किसा, अर्धा लहान चमचा मीठ लावून चाळणीत ठेवा, खाली वाटी. २० मिनिटांनी पिळा. आता नव्वद टक्के लोक करतात ती चूक: खालच्या वाटीतलं पाणी फेकू नका. काकडीत ९५ टक्के पाणीच असतं, चव बरीचशी त्यातच उतरते. दही (४०० ग्रॅम, फार आंबट नको) आधी एकटंच घोटून गुळगुळीत करा, मग हेच पाणी घालून पातळ करा. मीठ त्यातूनच येतं, म्हणून वेगळं घालण्याआधी चाखा. शेवटी किस, १ मोठा चमचा तेल, अर्धी लसूण पाकळी अगदी बारीक वाटून. अर्धा तास फ्रिजमध्ये. पुदिन्याची ८-१० पानं वाढताना हाताने तोडून. सुरीने आधीच चिरलेला पुदिना काळा पडतो.

बिघडतं कुठे: किस पिळला नाही तर तासाभरात सूप फुटल्यासारखं दिसतं, वर पाणी, खाली गोळा. लसूण रात्रभर राहिली तर दुसऱ्या दिवशी सगळं तिचंच राज्य. म्हणून हे सूप मुरवायचं नाही, त्याच दुपारी संपवायचं.

वाटीभर

सूप छान, पण एकट्या सूपवर दुपार निघत नाही. हलकं म्हणजे पाणीदार, अशी गल्लत सगळीकडे होते. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं तरुणपणाइतकीच नव्हे, थोडी जास्तच लागतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असा संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. दुपारच्या जेवणात निदान २० पडले पाहिजेत.

हिशेब: २०० ग्रॅम दही म्हणजे ७ ग्रॅमच्या आसपास. एक अंडं ६. शिजलेले चणे १०० ग्रॅम म्हणजे ८ ते ९. लिंबूटिंबूंच्या सूपबरोबर मंदआच यांचे वाटीभर चणे आणि एक उकडलेलं अंडं, झाले वीस. अंडी सकाळी कुकर थंड होत असतानाच उकडून घ्या: उकळत्या पाण्यात सोडून १० मिनिटं, लगेच गार पाण्यात. १५ मिनिटं उकळलीत तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. खायला अपाय नाही, दिसायला उदास. अगदी ताज्या अंड्यांची सालं नीट सुटत नाहीत, आठवडाभर जुनी घ्या.

पानखूण

हे झकास. दोन शंका.

१. गार पदार्थ चाखताना ठीक वाटतो आणि फ्रिजमधून काढल्यावर बेचव लागतो. असं का?
२. भात चालेल का? सकाळी करून दुपारी गार खायचा, भाज्या घालून.

लिंबूटिंबू

पहिल्याचं उत्तर: थंडीत चव आणि वास दोन्ही मंदावतात. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, गोठलेलं असताना बरोबर वाटलेली साखर आता गिळवत नाही. म्हणून गार पदार्थाची शेवटची चव गार झाल्यावर घ्यायची, कोमट असताना नाही. पण कमी लागलं की मीठच वाढवायचं असं नाही, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सपाट लहान चमचा म्हणजेच साधारण ५ ते ६ ग्रॅम. आधी लिंबू वाढवा, मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, पुदिना. मीठ सगळ्यात शेवटी.

टोमॅटोचं वेगळंच. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की वासाची द्रव्यं तयार होणंच मंदावतं. बाहेर ठेवा, एक-दोन दिवसांत संपवा. फारच पिकला असेल आणि फ्रिजमध्ये टाकावाच लागला तर खाण्याआधी तासभर बाहेर काढा.

गारपाणी

भाताला "चालेल" म्हणण्याआधी थांबा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. "उकळी काढली की झालं" हे भाताला लागू नाही. आठला केलेला भात ओट्यावर एक वाजेपर्यंत ठेवणं उन्हाळ्यात नकोच.

करायचाच असेल तर: शिजल्या शिजल्या ताटात पातळ पसरा, पंख्याखाली ठेवा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. शिजलेलं काहीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली. आतल्या बटणावर १ ते ५ आकडे असतात ते अंश नव्हेत. साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी खरा आकडा कळेल.

आणि फ्रिजमधला भात कडक होतो, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. लांब दाण्याचा जास्तच. त्यापेक्षा तांदळाच्या बारीक शेवया घ्या: विजेच्या किटलीत पाणी उकळून वर ओतायचं, ४-५ मिनिटं झाकण, निथळून गार पाण्याखाली. शेगडी पेटवावी लागत नाही आणि सकाळपासून ठेवायचा प्रश्नच नाही. १०० ग्रॅम दोघांना पुरतात. निथळल्यावर लगेच चमचाभर तेल चोळा, नाहीतर सगळ्यांचा एक गोळा.

जाता जाता: चण्यांऐवजी राजमा घ्यायचा विचार असेल तर भिजवलेलं पाणी फेकायचं आणि राजमा सणसणीत उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा घालू नका. त्यातलं विषारी द्रव्य तेवढ्या उष्णतेत मरत नाही आणि चार-पाच दाणेही ओकाऱ्या काढायला पुरे होतात. कुकरमध्ये नीट शिजलेल्याला काही भीती नाही.

जाडभरडं

चण्यांच्या रसासाठी एक सोय: लसणाच्या पाकळ्या तेलाच्या बाटलीत टाकून ठेवायच्या. आठवड्याभरात तेलाला सुरेख वास येतो, रोज सोलायला नको.

गारपाणी

जाडभरडं, कृपया हे करू नका. कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं म्हणजे बॉट्युलिझमला (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या, जिवावर बेतू शकणाऱ्या आजाराला) आमंत्रण. तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, खोलीचं तापमान. त्या जिवाणूला याहून चांगली जागा मिळत नाही, आणि विषाला वास-चव काही नसते. लसणीचं तेल हवं तर लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

जाडभरडं

बाप रे. बाटली रद्द. धन्यवाद.

चष्माशोधक

आता वाचण्याच्या जागेविषयी. खुर्ची-उशी ज्याची त्याला कळते, उजेडाचं मात्र बहुतेकांचं चुकतं.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर झालेलं असतं. म्हणजे "चष्म्याचा नंबर वाढला" असं वाटतं तेव्हा पुष्कळदा दिवाच अपुरा असतो. छतावरच्या दिव्यावर विसंबू नका. ८०० लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचं माप) आसपासचा एलईडी दिवा, वाकवता येणाऱ्या दांड्याचा, खांद्याच्या मागून पानावर. दिव्याचा बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये आणि गुळगुळीत कागदावर चकाकी येत असेल तर दिवा बाजूला सरकवा, पुस्तक वाकडं धरू नका. दुपारी खिडकी पाठीमागे किंवा बाजूला असावी. समोर खिडकी असली की उजेड भरपूर असूनही पान काळवंडतं.

चष्मा: वाचायचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरला काढलेला असतो. ओट्यावर ठेवलेली पाककृती ६०-७० सेंटिमीटरवर असते. त्यामुळे एकाच चष्म्याने दोन्ही धड दिसत नाही आणि सुरी चालवताना माणूस मान खाली-वर करत बसतो. पाककृती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, प्रश्न मिटला.

पंखा थेट तोंडावर नको. वाचताना पापण्या कमी मिटतात, त्यात वारा, मग डोळे चुरचुरतात आणि आपण म्हणतो कादंबरी कंटाळवाणी आहे. दर वीसएक मिनिटांनी लांब बघा, खिडकीबाहेर सहा मीटर तरी, वीस सेकंद.

आणि घड्याळ. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स्वयंपाकघरातल्या टायमरची टिटिट नेमकी त्याच पट्टीत असते. तो तिकडे बोंबलत राहतो, इकडे आपण पान उलटतो. टायमर ओट्यावर ठेवायचाच नाही, वाचायच्या खुर्चीच्या हातावर ठेवायचा. खालच्या पट्टीचा, घंटेसारखा आवाज निवडावा, किंवा फोन कंपनावर ठेवून खिशात. मंदआच यांचा कुकर सकाळी लावतानाही हेच.

मंदआच

टायमरचा मुद्दा धाग्याच्या माथ्यावर चिकटवावा असा.

जुनीजिल्द

वाचनयंत्राबद्दल (ई-रीडर) कुणी बोललं नाही. ८०० पानांची पुठ्ठा बांधणीची कादंबरी किलोभर भरते, ई-इंक (कागदासारखा दिसणाऱ्या) पडद्याचं लहान यंत्र २०० ग्रॅमच्या आसपास. अंगठ्याच्या बुडाशी दुखणाऱ्यांना हा फरक पहिल्या तासात कळतो. अक्षर मोठं करता येतं, एका हातात मावतं, पान अंगठ्याने उलटतं. फक्त अक्षर इतकं मोठं नको की ओळीत चारच शब्द उरतील. नजर सारखी पुढच्या ओळीवर उडी मारत राहते आणि वाक्य हातातून निसटतं. ओळीत सात-आठ शब्द राहतील इतपत ठीक.

तिसरंप्रकरण

अंशतः सहमत. ई-इंक चांगलं, पण मोठ्या पसाऱ्याच्या कादंबरीत मागे जाऊन "हा कोण होता?" शोधायला कागदच बरा. डाव्या पानावर, खाली, पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात, अशी जागा लक्षात राहते. यंत्रात सगळी पानं एकाच जागी असतात. हां, शब्दाचा शोध घेता येतो हे खरं, पण नावच आठवत नसेल तर शोधणार काय?

यावर उपाय दोन्हींकडे एकच. वहीचं एक पान उभं दुमडून त्याचीच पानखूण करा (धागाकर्त्यांची परवानगी गृहीत). प्रत्येक नव्या माणसासाठी एक ओळ: नाव, कुणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या पानावर. स्वभाव-बिभाव लिहू नका, तो बदलत जातो. चाळीस पानांपर्यंत नेमाने लिहिलं की पुढे फारसं लागत नाही. चार दिवस खंड पडला तर कागदावर नजर आणि मागची दोन पानं पुन्हा, एवढ्याने कादंबरी परत हाती येते.

रशियन कादंबऱ्यांत माणसं विसरतात ती संख्येमुळे कमी, नावांमुळे जास्त. एकाच माणसाला तीन-चार तऱ्हांनी हाक मारतात: नाव, बापाच्या नावावरून आलेलं मधलं नाव, आडनाव, आणि लाडाचं. इव्हानचा मुलगा इव्हानोविच, मुलगी इव्हानोव्हना. दिमित्रीचा मित्या, अलेक्सांद्रचा साशा, मारियाची माशा. नाव आणि मधलं नाव जोडून हाक म्हणजे अदब, लाडाचं नाव म्हणजे घसट. कागदावर एकाच ओळीत सगळी रूपं लिहा. मग कोण कुणाला कशी हाक मारतंय यावरूनच नात्यातला ताण कळायला लागतो, आणि हे एकदा जमलं की त्या कादंबऱ्या वेगळ्याच उघडतात.

वाटीभर

आवडली नाही तर किती पानांनी सोडायची, यावर कुणी बोलेल का? आमच्या वयाला अपराधी वाटतं हो.

तिसरंप्रकरण

नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालबाईंचा नियम आहे: पन्नाशीपर्यंत ५० पानं द्या, पन्नाशीनंतर १०० मधून आपलं वय वजा करा, उरतील तेवढी. सत्तरीत ३० पानं, ऐंशीत २०. शंभरी गाठलीत तर मुखपृष्ठ बघून नाकारायचा अधिकार. एक सूट मात्र द्यावी: कादंबरी हळू आहे म्हणून सोडू नका. वाक्यं वाईट आहेत म्हणून सोडा.

गारपाणी

पाण्याचं राहिलं. तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, आणि कादंबरीत बुडालेल्या माणसाची तर आणखी. तहान लागण्याची वाट न बघता जवळ मोजकी बाटली ठेवा, दोन तासांत अर्धा लिटर संपेल अशी. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याला मर्यादा घातली असेल तर डॉक्टरांचा आकडा चालेल, माझा नाही. पेला उघडा नको, झाकणाची बाटली, आणि ती पुस्तक धरता त्याच्या उलट्या बाजूला, जमिनीवर.

चव हवी तर गार चहा: १ लिटर साधं पाणी, १० ग्रॅम चहापत्ती, फ्रिजमध्ये ८ तास, मग गाळा. थंड पाण्यात तुरटपणा आणि कॅफीन दोन्ही हळू उतरतात, म्हणून साखरेशिवायही प्यायला जातो. १२ तास राहिला तर जड होतो. लिंबू प्यायच्या वेळी पिळा. फळांचे रस करणाऱ्यांना एकच सूचना: ग्रेपफ्रूट काही कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम वाढवतं, औषधवाल्याला विचारल्याशिवाय नको.

जाडभरडं

जेवताना वाचणाऱ्यांसाठी काही? की ते पापच?

लिंबूटिंबू

पाप कसलं. एका हाताने खाता येईल आणि ठिबकणार नाही असं ताट करा, बस. सूप जेवताना नाही, ते आधी पेल्यातून पिऊन टाका. चणे, अंड्याच्या फोडी, चक्क्याचा गोळा हे काट्याने उचलण्यासारखं. चक्का म्हणजे ५०० ग्रॅम दही ओल्या मलमलीत बांधून, चाळणीत, फ्रिजमध्ये ५ तास, निम्मा उरतो. कापड कोरडं वापरलं तर दही त्याला चिकटतं. पुस्तक उभ्या घोडीवर, पानांना दोन्हीकडून चिमटे, ताटापासून हातभर. आणि कडधान्य गिळण्याआधी चावायचं, भले खुनी कोण ते त्याच पानावर कळणार असेल.

पानखूण

तरी सांडलंच तर? विचारतोय ते वाचनालयाच्या पुस्तकाबद्दल.

जुनीजिल्द

तेल असेल तर पुसू नका, पसरतं. टिपकागदाने टिपा, डागावर कॉर्नफ्लोअर चमचाभर, वर दुसरा कागद, वजन ठेवून रात्रभर. सकाळी मऊ ब्रशने झाडा. पूर्ण जात नाही, पण मागच्या पानावर झिरपायचं थांबतं.

पाणी सांडलं असेल तर पुस्तक उघडं-फाकलेलं उभं करा, पंखा बाजूने, थेट नको. दर दहा-पंधरा पानांआड कोरडा टिपकागद, तो ओला झाला की बदलायचा. उन्हात किंवा इस्त्रीने वाळवू नका, पानं लाटांसारखी होतात. खूपच भिजलं असेल आणि लगेच हे सगळं करायला सवड नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी धरायला ओलसर पुस्तकाला दोन दिवस पुरतात. गोठवलं की ती थांबते आणि मग आठवड्याने सावकाश वाळवता येतं. मोठी ग्रंथालयं पुरात भिजलेली पुस्तकं याच पद्धतीने वाचवतात. पिशवीवर नाव लिहा, नाहीतर घरातलं दुसरं माणूस वाटाणे समजून बाहेर काढेल. चकचकीत कागदाची पुस्तकं मात्र आधी गोठवा, मग विचार करा. ती ओली असताना मिटली तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात. आणि ग्रंथपालांना आपणहून सांगा.